शहर म्हणजे मोठें घर काय?

स्त्रियांनीं नगरपालिकेचा कारभार कां करावा, या प्रश्नास आमच्याकडील सुशिक्षित मंडळी एक गोड उत्तर देत असतात. शहर म्हणजे एक मोठें घर. जी घराचा केर काढते ती शहराचाहि काढील! ऐकावयास हें बरें वाटतें, आणि बोलणाराचा हेतु चांगला असतो याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तथापि या उत्तरानें स्त्रियांचें जितकें हित साधलें त्याहून अहितच अधिक झालें, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें पटविण्यासाठीं आम्ही जी साक्ष काढणार आहों ती विरुद्ध पक्षाच्याच आवडीची आहे. ती म्हणजे सिएटलच्या महापौर बर्था नाइट लँडिस यांची.

अमेरिकेंतील एका मोठ्या शहराची पहिली स्त्री-महापौर म्हणून लँडिसबाईंचें नांव घेतलें जातें. त्यांचा जन्म १८६८ चा, मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील. १८९१ सालीं इतिहास घेऊन त्या इंडियाना विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, आणि पुढें भूगर्भशास्त्राचे अध्यापक हेन्री लँडिस यांच्याशीं विवाह होऊन पश्चिम किनाऱ्यावरील सिएटल शहरीं आल्या. तेथील स्त्रीमंडळांच्या संघाच्या अध्यक्ष असतां १९२१ त त्यांनीं हजारांवर स्त्रियांच्या साहाय्यानें स्थानिक मालाचें मोठें प्रदर्शन भरविलें, आणि १९२२ सालीं त्या नगरसभेवर निवडून आल्या. शहर हें विस्तारलेलें घर होय, हाच त्यांचा प्रचार होता. हें आम्ही लपवीत नाहीं. अमेरिकेंतील स्त्रियांना देशभर मताधिकार मिळून तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. उंबऱ्यावर अडविणारास ‘मी स्वयंपाकघरांतच जात आहें’ असें सांगून आंत शिरावें, तशी ती युक्ति होती. तिला कोण नांवें ठेवील?

परंतु आंत शिरल्यावर बाईंनीं काय केलें तें पाहावें. १९२४ च्या जूनमध्यें महापौर एडविन ब्राउन हे आपल्या पक्षाच्या अधिवेशनासाठीं न्यूयॉर्कला गेले आणि नगरसभेच्या अध्यक्ष या नात्यानें त्यांचा कारभार बाईंकडे आला. तो काळ दारूबंदीचा. आणि अर्थात् चोरट्या दारूचाहि. आपल्या खात्यांत शंभरभर शिपाई लांचखाऊ आहेत, असें पोलिसप्रमुख सेव्हरिन्स यांनीं स्वतःच बोलून दाखविलें होतें. तर मग त्यांना काढा, असें बाईंनीं त्यांस लेखी बजाविलें. उत्तर आलें तें उर्मटपणाचें. तेव्हां बाईंनीं पोलिसप्रमुखासच बडतर्फ केलें! ब्राउनसाहेब धांवत परत आले आणि त्यांनीं त्यास पुन्हा जागेवर बसविलें, ही गोष्ट निराळी. १९२६ सालीं याच ब्राउनसाहेबांना हरवून बाई महापौर झाल्या. नेमणुका वशिल्यानें न करतां लायकीनें करणें, तोट्यांत रुतलेल्या नगर-ट्राममार्गाचा हिशेब ताळ्यावर आणणें, शहराच्या मालकीच्या वीजखात्याचा कैवार घेणें, हीं त्यांचीं कामें होतीं. यांत केरसुणी कोठें दिसते? हें राज्य चालविणें आहे. घर चालविणें नव्हे.

मुदत दोनच वर्षांची. १९२८ त त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि फ्रँक एडवर्ड्स नामक, राजकारणांत कोणास ठाऊक नसलेल्या गृहस्थाकडून मोठ्या फरकानें हरल्या. या गृहस्थानें प्रचारासाठीं पैसा सढळ हातानें खर्चिला, आणि बाईंशीं समोरासमोर वादविवाद करण्याचें मात्र नाकारलें. आतां येथें कांहीं शहाणे सांगतात कीं, लोकांना फार सचोटी सोसत नाहीं. आम्हांस हें मान्य नाहीं. कारण याच मतदारांनीं १९३१ सालीं, वीजखात्याचे कर्तबगार प्रमुख जे. डी. रॉस यांना एडवर्ड्स यांनीं काढून टाकतांच, स्वतः एडवर्ड्स यांनाच मत देऊन पदावरून खालीं खेंचलें. चांगल्या कारभाराची चाड लोकांना होती. आपल्या पराभवामागें स्त्रीत्वाविषयींचा आकस होता असें बाईंचें म्हणणें होतें, आणि तें आम्हांस खरें वाटतें. पण त्या आकसास बळ कोणी दिलें? त्या घराच्या रूपकानेंच दिलें, असें आम्ही म्हणतों. शहर घर असेल तर गृहिणीनें आवराआवर करावी, आणि कर्त्या पुरुषानें गादीवर बसावें, हें ओघानेंच येतें. आपल्या घरांतून तरी दुसरें काय चालतें?

बाई १९४३ त वारल्या. सिएटलला दुसरी स्त्री-महापौर मिळण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. तत्पूर्वी शहराखालीं बोगदा खणणाऱ्या एका अवाढव्य यंत्रास मात्र ‘बर्था’ हें नांव देण्यांत आलें. तें २०१३ सालीं जमिनींत अडकून पडलें. ‘पहिली’ म्हणून गौरव करणें हें किती स्वस्त असतें, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि आमचें काय? मुंबईस १९५६ सालीं सुलोचना मोदी या पहिल्या स्त्री-महापौर लाभल्या. २०११ पासून महाराष्ट्रांतील स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा कायद्यानें स्त्रियांसाठीं राखल्या गेल्या. हें फार मोठें कार्य झालें, यांत वाद नाहीं. परंतु मुंबईच्या १८८८ च्या कायद्यानें कार्यकारी सत्ता दिली आहे ती सरकारनें नेमलेल्या आयुक्तास. लँडिसबाई पोलिसप्रमुखास घरीं बसवूं शकल्या. आमच्या महापौरांस, मग ते पुरुष असोत कीं स्त्री, पालिकेचा एक खातेप्रमुखहि स्वतःच्या अधिकारांत दूर करितां येत नाहीं. किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्या कमरेस, आणि हळदीकुंकवाचें आमंत्रण हिच्या नांवें! ज्यांना शहर हें घरच वाटतें त्यांनीं निदान घरच्या मालकिणीच्या हातीं किल्ल्या द्याव्या, अशी मागणी कां करूं नये? तोंवर आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. यापुढें निवडणुकीच्या सभेंत एखाद्या बाईंस कचऱ्याविषयीं प्रश्न विचारला गेला, तर तोच प्रश्न शेजारच्या खुर्चीवरील पुरुष उमेदवारासहि विचारावा. आणि बाईंस अंदाजपत्रकाविषयीं.