नक्कल करणारा चित्रकार

‘नक्कल’ हा शब्द शाळेंत फार बदनाम आहे, आणि परीक्षेच्या वेळीं तो तसाच असावा. परंतु चित्रकलेंत नक्कल ही हीनच, हा समज आम्हांस मान्य नाहीं. शुभवर्तमान देखील छापखान्यापूर्वीं शेंकडों वर्षें नकलकारांच्याच हातून पुढें आलें.

जपानी चित्रकार अराई कांपो (१८७८–१९४५) यांचें उदाहरण पाहावें. खनिज रंग सरसांत कालवून रेशमावर अथवा कागदावर चित्र काढावयाचें, या जुन्या पद्धतीचे ते चित्रकार. ‘कोक्का’ या कलाविषयक मासिकासाठीं प्राचीन बौद्ध चित्रें उतरतां उतरतां त्यांचा हात बसला. १९१६ सालीं रवींद्रनाथ ठाकूर जपानांत गेले असतां शिमोमुरा कान्झान यांचें आंधळ्या याचकाचें चित्र त्यांच्या मनांत भरलें. त्याची प्रतिकृति त्यांनीं कांपोंकडून करविली व त्यांस कलकत्त्यास बोलाविलें. त्या भारतवासांतच कांपो अजिंठ्यास आले आणि सहकाऱ्यांसह तेथील भित्तिचित्रें उतरूं लागले.

जपानी चित्रकारांची एक रीत आहे. मूळ चित्रावर पातळ कागद अंथरावयाचा, तो गुंडाळीत क्षणोक्षणीं वर उचलावयाचा, खालची रेषा डोळ्यांत साठवावयाची आणि कागद खालीं येतांच ती उतरावयाची. आमचीं मुलें खिडकीच्या कांचेवर वही धरून चित्र गिरवितात (कोणत्या पालकांनीं हें पाहिलें नाहीं?), तेव्हां हात चालतो, डोळा झोंपलेला असतो. येथें डोळाच सर्व काम करितो.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींचें दैव मात्र खडतर. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षें खपले. त्यांच्या शंभरांहून अधिक प्रतिकृति १८८५ सालीं लंडनांत जळाल्या. कांपो व त्यांचे सहकारी यांचें काम १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योंत लागलेल्या आगींत गेलें. कोणी म्हणतील, गेलें तर गेलें, मूळ चित्रें गुंफेंत आहेतच!

त्यांनीं होर्यूजी मंदिराची हकीकत ऐकावी. नारा शहराजवळच्या या मंदिराच्या भिंतींवर अजिंठ्याची आठवण करून देणारीं बुद्धचित्रें होतीं. १९४० सालीं, साठी उलटल्यावर, कांपो तीं उतरण्यास बसले, आणि १९४५ सालीं काम अपुरें असतांच वारले. २६ जानेवारी १९४९ रोजीं मंदिरास आग लागून मूळ चित्रेंच करपलीं. पुढें इतर चित्रकारांनीं जुन्या छायाचित्रांच्या आधारें तीं पुन्हां काढिलीं व १९६८ सालीं काम पुरें झालें. आज त्या मंदिरांत जाणारा भाविक या प्रतिकृतींपुढेंच हात जोडतो.