व्हिप मतदाराला लागत नाही

निवडणूक जाहीर झाली की आमच्या वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फर्मान येतं : ‘आता मतभेद विसरा. उमेदवार कसाही असो, आपला आहे. टीका निकालानंतर.’ कसाही असो? अहो, तो कसा आहे हे ठरवायलाच तर निवडणूक असते! कसाही चालणार असेल, तर मला मतदान केंद्रापर्यंत कशाला पिटाळता?

आणि ‘टीका निकालानंतर’ हे शुद्ध थोतांड आहे. निकालानंतर साहेब मुंबईत असतात आणि त्यांचा पीए फोन उचलत नाही. तरीही बोललात, तर हीच मंडळी म्हणतात, ‘आत्ताच निवडून आलेत, जरा वेळ द्या.’ मग महापालिका येते, मग जिल्हा परिषद, मग कुठली तरी पोटनिवडणूक. टीकेचा मुहूर्त यांच्या पंचांगात सापडतच नाही. पाच वर्षांत उमेदवार माझ्या दारात हात जोडून उभा राहतो तो प्रचाराचा पंधरवडा. नळाला पाणी दिवसाआड का, हे तेव्हा नाही विचारायचं तर कधी?

मग निघतं ब्रह्मास्त्र : पक्षशिस्त. कुणाची शिस्त? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप लागतो तो आमदार-खासदारांना, आणि तोही सभागृहातल्या मतदानापुरता. मतदाराला व्हिप नाही. २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेला गेले, गुवाहाटीला गेले, गोव्यात उतरले. त्यातल्या कुणी विमानात बसण्याआधी मला विचारलं? ज्यांनी रातोरात पक्ष उभा चिरला ते मोकळे, आणि शिस्त पाळायची मी! वा रे न्याय!

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये पक्षांना बजावलं : गुन्हे दाखल असलेला उमेदवार देत असाल, तर का देता ते निवडीनंतर ४८ तासांत जाहीर करा, स्वच्छ माणूस का मिळाला नाही तेही सांगा, नुसतं ‘निवडून येतो’ हे कारण चालणार नाही. पक्षांनी काय केलं? ‘लोकप्रिय आहेत, समाजसेवक आहेत, गुन्हे राजकीय सूडापोटी दाखल झालेत’ असली छापील कारणं पुढे सरकवली. बिहारच्या निवडणुकीत एवढंही धड जमलं नाही, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने दंड ठोठावले. भाजप आणि काँग्रेसला प्रत्येकी १ लाख, माकप आणि राष्ट्रवादीला प्रत्येकी ५ लाख. डावे, उजवे, मधले, सगळे एका रांगेत! देशाचं सर्वोच्च न्यायालय विचारतं, ‘हाच उमेदवार का?’ तोच प्रश्न मी माझ्या पक्षाला विचारला की मी फितूर.

साताऱ्याचं उदाहरण तर प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात भिंतीवर लावावं असं आहे. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी शरद पवार भर पावसात बोलले. लोकांना पाऊस आठवतो. मला त्यातली कबुली मोलाची वाटते. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं ते मतदान तीन दिवसांवर असताना भर सभेत म्हणाले. ते उमेदवार, उदयनराजे भोसले, तोवर भाजपमध्ये गेले होते हे खरं. पण निवड पक्षाचीच होती ना? त्या कबुलीने पक्ष बुडाला का? साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील ८० हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. आता सांगा, ‘हा उमेदवार नको’ हे वाक्य एप्रिलमध्ये, लोकसभेच्या वेळीच, एखाद्या साध्या कार्यकर्त्याने उच्चारलं असतं, तर त्याची काय गत झाली असती? सहा महिन्यांपूर्वी जी गद्दारी ठरली असती, तिच्यावर पुढे टाळ्या पडल्या. फरक एवढाच की माईक साहेबांच्या हातात होता.

‘पण विरोधकांच्या हाती कोलीत मिळतं त्याचं काय?’ कोलीत दिलं ते तिकीट वाटणाऱ्याने. उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, सगळं प्रतिज्ञापत्रात असतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणीही वाचू शकतं. विरोधकाने ते अर्ज भरला त्या दिवशीच उतरवून घेतलेलं असतं. मी गप्प बसलो तर अंधारात राहतो तो माझाच शेजारी, माझ्याच पक्षाला वर्षानुवर्षं मत देणारा. त्याला फसवून मिळवलेल्या मतावर मला माझा पक्ष जिंकवायचा नाही. मत मी कदाचित माझ्याच पक्षाला देईन, कारण समोरचा आमच्या उमेदवाराहून वाईट असू शकतो. पण ते देताना याचे दोष मी नाव घेऊन सांगणार, प्रचार संपायच्या आधी सांगणार, आणि उमेदवार दारात असताना त्याच्या तोंडावर सांगणार.