दगडफुलाचें एकत्र कुटुंब

वैशाखाचें ऊन नागपुरास भाजूं लागलें कीं घरोघर वर्षाच्या मसाल्याची तयारी सुरू होते. यंदाहि आमच्या सूनबाईंनीं सुपांत दगडफूल निवडावयास घेतलें होतें. वरून राखट, खालून काळें, वाळल्या पानासारखें चुरणारें हें द्रव्य. आपल्या वैद्यकांत त्यास शैलेय अथवा शिलापुष्प म्हणतात. कॉलेजांत जीवशास्त्र शिकणाऱ्या नातीनें त्याचा एक तुकडा उचलला आणि विचारलें, "आजोबा, ह्या घरांत कितीजण राहतात?"

मीं तत्काळ सांगितलें, "दोघे. बुरशी आणि शैवाल."

"मोजणी चुकली, आजोबा," ती म्हणाली.

शाळेंत संस्कृताबरोबर सृष्टिज्ञानाचा तासहि मजकडे असे, आणि दोघांचाच धडा मीं वर्षानुवर्षें शिकविला. तेव्हां चूक दुरुस्त करणें हेंहि माझेंच काम.

दगडफूल हें फूल नव्हे. तें शैवाक होय. शैवाक म्हणजे एकच वनस्पति, अशी पूर्वीं समजूत होती. १८६७ सालीं सिमॉन श्वेंडेनर ह्या स्विस शास्त्रज्ञानें तें बुरशी व शैवाल यांचें सहजीवन असल्याचें मांडलें. बुरशी घर बांधिते, पाणी व क्षार धरून ठेविते. शैवाल उन्हाच्या साहाय्यानें अन्न तयार करितें. श्वेंडेनरनें बुरशीस धन्याची व शैवालास दासाची उपमा दिली. तत्कालीन नामांकित पंडितांस हें मत मुळींच रुचलें नाहीं. पण अखेर तेंच मान्य झालें आणि पाठ्यपुस्तकांतून आम्हां शिक्षकांपर्यंत आलें.

वस्तुतः जीवाणूंची चाहूल तेव्हांच लागावयास हवी होती. कित्येक शैवाकांत अन्न रांधण्याचें काम नॉस्टॉकसारखे नीलहरित जीवाणु करितात. त्यांनाहि आम्ही शैवालच म्हणत आलों. त्यांखेरीज जे इतर जीवाणु आढळत, ते बाहेरून चिकटलेली धूळ समजून सोडून दिले जात. प्रयोगशाळेंत मुद्दाम वाढवूं जावें तर त्यांतील थोडेच वाढत. पुढें त्यांचा जनुकीय द्रव्यावरून शोध घेण्याची रीत निघाली, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. एका ग्रॅम शैवाकांत दहा कोटींपर्यंत जीवाणु असूं शकतात!

ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील मार्टिन ग्रुबे, गाब्रिएले बेर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लोबारिया पल्मोनारिया ह्या, झाडांवर वाढणाऱ्या मोठ्या शैवाकाचा ह्या दृष्टीनें अभ्यास केला. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्यांत आठशेंहून अधिक जातींचे जीवाणु आहेत. ते निव्वळ आश्रित नव्हेत. नत्र, स्फुरद व गंधक यांचा पुरवठा करणें, ब-१२ जीवनसत्त्व तयार करणें, विषारी द्रव्यें निकामी करणें, रोगकारकांस अटकाव करणें, आणि शैवाकाचा जुना, जीर्ण भाग विघटित करून त्यांतील सत्त्व पुन्हां घरांत आणणें, अशीं अनेक कामें करण्याची सामग्री त्यांच्यापाशीं सांपडली. त्यांतील पुष्कळसे जीवाणु कोणत्या गणांतील असावेत? आपल्या विदर्भांतील तुरीच्या मुळांवर ज्यांच्या गांठी असतात, त्यांच्याच! म्हणजे शेतांत ज्यांचे आपण उपकार मानतों, त्यांच्याच भाऊबंदांस रानांत आपण धूळ समजत होतों.

हें ऐकतांना मला माझें लहानपण आठवलें. कोणी पाहुण्यानें "घरांत किती माणसें?" असें विचारलें कीं वडील मिळवत्या पुरुषांचीं नांवें सांगत. पहाटे उठून विहिरीचें पाणी ओढणारी, आम्हां सर्वांचें उष्टें-खरकटें काढणारी आमची विधवा आत्या त्या मोजणींत कधींच नसे. ती आजारी पडली त्या दिवशीं मात्र घरांत चूलहि वेळेवर पेटली नाहीं. श्वेंडेनरला धनी दिसला, दास दिसला. जे दिसले नाहीत ते घर चालवीतच होते. मोजणाऱ्याची नजर जेथवर पोंचते तेथवरच कुटुंब असतें, असें मानण्याची चूक विज्ञानानें सुधारली. आपण घरांत ती सुधारली आहे काय, हें ज्यानें त्यानें पहावें.

आपल्या प्रांतांतहि शैवाकांचा अभ्यास चांगला झाला आहे. पुण्यास १९४६ सालीं स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था, येथें पटवर्धन, मखिजा आदि संशोधकांनीं सह्याद्रींतील शैवाकें गोळा करून त्यांची नोंद केली. बाजारांत येणारें दगडफूल मात्र पश्चिम घाट व हिमालय येथील रानांतील झाडांवरून व दगडांवरून खरवडलेलें असतें. त्याची वाढ वर्षाला कांहीं मिलिमीटरच. सुपांतील एखाद्या तळहाताएवढ्या तुकड्यामागें कित्येक वर्षांचा संसार असतो, हें लक्षांत ठेवावें.

म्हणून मसाल्यांत दगडफूल घालूं नये असें नव्हे. त्यावांचून आमच्या काळ्या मसाल्यास वास कोठला? परंतु लागेल तेवढेंच आणावें, उरलें म्हणून फेंकूं नये. त्या दिवशीं सूनबाईंनीं सुपांतील तळाचा चुराहि वेंचून घेतला. मीं नातीस विचारलें, "आतां तुझें उत्तर सांग. कितीजण?"

ती म्हणाली, "आजोबा, अजून मोजताहेत."