पावसाचा दोष कितीसा?

आपल्या प्राचीन ग्रंथांत प्राण्यांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे वर्ग मानले आहेत. उष्ण ओलाव्यापासून आपोआप निपजतात ते स्वेदज, असें मीहि अनेक वर्षें मुलांस सांगत आलों. गेल्या श्रावणांत मात्र या पाठाची उजळणी मलाच करावी लागली.

मुंबईतील गोठे शहराबाहेर नेण्यासाठीं १९४९ सालीं गोरेगांवास आरे वसाहत स्थापन झाली. त्याच बाजूस आमच्याकडे दूध घालणाऱ्या गवळ्याचा गोठा आहे. त्याचें एक रेडकूं हगवणीनें खंगलें होतें. जबड्याखालीं पाणी उतरून सूज आली होती. गवळी म्हणाला, "गुरुजी, पाऊस लागला कीं पोटांत जंत व्हायचेच. देवाची करणी!"

वस्तुतः हे कृमि अंडज आहेत. जनावराच्या पोटांतील मादी रोज शेंकडों, कांहीं जातींची तर हजारों अंडीं घालते व तीं शेणावाटे बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली कीं एकदोन दिवसांत त्यांतून अळी निघते, शेणांतील सूक्ष्म जंतूंवर पोसते आणि सुमारें आठवड्याभरांत तिसऱ्या अवस्थेस पोंचते. या वेळीं जुनी कात अंगरख्याप्रमाणें तिच्या अंगावर राहते. त्यायोगें तिचें रक्षण होतें, पण खाणें बंद पडतें. सांठविलेल्या शिदोरीवर जगावयाचें आणि कोणा जनावराच्या तोंडीं जाण्याची वाट पाहावयाची, एवढेंच तिच्या हातीं उरतें.

शेणाचा पो वाळला कीं वरचें कवच कठीण होऊन अळ्या आंत कोंडून पडतात. पावसाचे थेंब तें कवच भिजवून फोडतात. शिंतोड्यांबरोबर अळ्या भोंवतालच्या गवतावर उडतात, उतारावर ओघळाबरोबर पुढें जातात. मग पात्यावरील पाण्याच्या पातळ थरांतून त्या वर चढतात. तरी बहुतेक बुडख्याजवळच राहतात. म्हणून मुळाशीं कुरतडलेलें गवत अधिक घातक.

जनावर स्वभावतःच शेणालगतचें गवत टाळतें. परंतु उपनगरांत कुरणें आकसलीं, थोड्या जागेंत पुष्कळ जनावरें आलीं, म्हणजे त्या मुक्या जिवास निवड कोठली? त्यांत कोंवळ्या वासरांचे हाल सर्वांत अधिक.

उपाय साधे आहेत. शेण रोज उचलून खड्ड्यांत रचावें. कुजतांना निघणाऱ्या उष्णतेनें अंडीं व अळ्या मरतात. मोठीं जनावरें चरलेल्या जागीं लगेच वासरें सोडूं नयेत. औषध पशुवैद्याकडून शेण तपासूनच द्यावें. वारंवार अंदाजानें दिल्यास त्यास न जुमानणारे कृमि वाढतात. परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून ही विद्या शिकवीत आहे.

तें रेडकूं वांचलें नाहीं. त्याच्या शेजारचीं दोन मात्र वेळीं शेण तपासल्यामुळें वांचलीं. वाचकहो, पाऊस हा केवळ वाहक. ओझें आपण त्याच्या वाटेवर ठेवलेलें असतें. सकाळचा चहा घेतांना, ज्याच्या वांट्याचें दूध आपण पितों तें वासरूं कोठें चरतें, एवढी चौकशी आपल्या गवळ्याजवळ अवश्य करावी.