खांब पुन्हा तिथेच

मंडळी, गेल्या शनिवारी घरी गेलो होतो. घर म्हणजे मालवणपासून थोडं आत, खाडीकाठची वाडी. पाणंदीच्या वळणावर बाबांनी स्कूटर थांबवली आणि विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं. "बघ, परत कललो."

या खांबाशी माझी जुनी ओळख आहे. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला धरून गुजरातकडे चाललं होतं. लॉकडाऊनमुळे मी घरूनच काम करत होतो. दुपारपर्यंत हा खांब आणि त्याच्या मागचे दोन आडवे झाले. पुढचे नऊ दिवस वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. माझं काय, लॅपटॉप बंद पडला आणि सोमवारचं रिलीज हुकलं, एवढंच. पण शेजारच्या काकूंना रात्री दम्याचा अ‍ॅटॅक आला. वीज नाही म्हणून नेब्युलायझर चालेना, रस्त्यावर झाडं पडलेली म्हणून गाडी येईना. बाबांनी आणि मी त्यांना खुर्चीत बसवून दीड किलोमीटर उचलून नेलं. काकू वाचल्या. ती रात्र मात्र मी विसरलेलो नाही.

दहाव्या दिवशी वायरमन आले. त्यांनी भर पावसात जिवावर उदार होऊन काम केलं, त्यांना नावं ठेवणार नाही. पण खांब पुन्हा त्याच जागी, त्याच मऊ मातीत, तेवढ्याच खोल खड्ड्यात उभा राहिला. बाबा तेव्हाच म्हणाले होते, "पडललो थयच पुरतत. वारो काय आता दुसऱ्या वाटेन येतलो?"

आमच्या धंद्यात याला तिकीट क्लोज करणं म्हणतात. बग का आला हे कोणी बघत नाही, यूजरने पुन्हा तक्रार केली की नवीन तिकीट. सॉफ्टवेअर काय काम करणार हा एक प्रश्न, आणि लोड दसपट झाला तर ते उभं राहील का हा दुसरा. हा दुसरा प्रश्न शेवटच्या आठवड्यात विचारला की काय होतं, ते आपण सगळ्यांनीच वीकेंडला ऑफिसात बसून भोगलंय.

माझं म्हणणं एवढंच, की जिल्ह्याच्या विकासाच्या योजनेत हा दुसरा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला पाहिजे.

का, ते सांगतो. सिंधुदुर्ग हा उतारावर वसलेला जिल्हा आहे. वर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून समुद्र सरळ रेषेत ५० किलोमीटरही नाही. घाटात पडलेलं पाणी काही तासांत खाली येतं. नेमकी तेव्हा खाडीला भरती असेल तर ते जाणार कुठे? शेतात आणि घरात. म्हणजे वरच्या रस्त्यासाठी डोंगर कसा कापला, मोऱ्या केवढ्या ठेवल्या, याचं बिल खालच्या माणसाला येतं. आणि समुद्राकडून वादळं. २००९ला फयान, २०२०ला निसर्ग, २०२१ला तौक्ते. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये आकडे मांडले होते: १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. 'आमच्याकडे वादळं येत नाहीत' हे आजोबांचं वाक्य आता एक्सपायर झालंय.

सरकार काहीच करत नाही असं मुळीच नाही. ग्रीन क्लायमेट फंडाने २०१८मध्ये भारताच्या तीन किनारी राज्यांसाठी ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले. त्यात महाराष्ट्रातून आपला सिंधुदुर्ग आहे. कांदळवनं जगवायची, खेकडापालनासारखे रोजगार द्यायचे, अशी चांगली कल्पना आहे. भूमिगत वीजवाहिन्या आणि निवारा केंद्रांसाठी राज्याचा कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्पही आहे.

पण हे सगळं वेगळ्या फाइलीत! जिल्हा नियोजन समिती दरवर्षी जी जिल्हा वार्षिक योजना मंजूर करते, त्यातले रस्ते, साकव, शाळेच्या खोल्या, नळपाणी योजना दुसऱ्या फाइलीत. एका फाइलीने कांदळवन लावलं आणि दुसरीने शेजारी भराव टाकला, तर दोघांचंही काम कागदावर शंभर टक्के पूर्ण.

आपल्यापेक्षा गरीब आणि कितीतरी जास्त डोंगराळ असलेल्या नेपाळने २०१२-१३ पासून एक साधी गोष्ट केली. बजेटमधल्या प्रत्येक कामाला हवामानाचा कोड लावायचा: खूप संबंधित, संबंधित किंवा तटस्थ. म्हणजे टॅगिंगच! निदान खर्च कुठे होतोय ते दिसतं. अर्थात टॅग लावल्याने पूर थांबत नाही. काठमांडूला पाणी देणाऱ्या मेलम्ची प्रकल्पाचं पाणी २०२१मध्ये शहरात पोचलं आणि त्याच जूनमध्ये पुराने वरचं हेडवर्क्स गाळाखाली गाडलं. म्हणून टॅगबरोबर टेस्टही हवी. प्रत्येक इस्टिमेटला एक जास्तीचं पान: हे किती वाऱ्याला टिकेल? किती पावसाला? पडलं तर किती तासांत उभं राहील, आणि तोवर लोकांनी काय करायचं?

कोणी म्हणेल, पैसे कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. सगळ्या तारा जमिनीखाली घाला असं मी म्हणत नाही. आधी दवाखाना, पाण्याचा पंप आणि मोबाईल टॉवरला जाणारी लाईन मजबूत करा, बाकीची हळूहळू. शिवाय तोच खांब तीनदा पुरणं स्वस्त आहे का?

आणि हा प्रश्न आपल्याला विचारता येत नाही असंही नाही. २६ ऑगस्ट २०२४ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. वाऱ्याचा वेग किती होता, पाया कसा होता, यावर अख्खा महाराष्ट्र बोलला. २०२५मध्ये नवा पुतळा उभा राहिला तो वादळाचा हिशेब करूनच. महाराजांच्या पुतळ्यासाठी आपण हे विचारलं, ते योग्यच झालं. मग रयतेच्या खांबासाठी का नाही?

असो. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी ग्रामसभेसाठी अर्ज लिहायला बसवलं. मी लिहिलं, 'खांब बदलून मिळावा'. बाबांनी ते खोडायला लावलं. आता अर्जात आहे: खांब वळणावरून हलवून कातळावर घ्यावा, आणि तो किती वाऱ्याला टिकेल ते लेखी द्यावं.

काय उत्तर येतं ते कळवीनच. तोवर तुम्हीही गावी गेलात की आपल्या वळणावरचा खांब एकदा बघून या.