खंडाळ्याच्या पिनकोडमधलं गणित

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याचा पिनकोड ४१२८०२. पाकिटावर तो रोज लिहिला जातो, पण संख्या म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. अवयव पाडले तर निघतात २, १३ आणि १५८७७. यातली शेवटचीही मूळ संख्याच आहे. शेजारच्या वाईचा पिनकोड ४१२८०३. त्याला ९ ने निःशेष भाग जातो. एकाच आकड्याचा फरक, पण गुणधर्म पार वेगळे.

संख्यांचे असे गुणधर्म आयुष्यभर शोधणारे द. रा. कापरेकर महाराष्ट्रातलेच. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ही संख्या मांडली.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा तेच करावं. उदाहरणार्थ, खंडाळा तालुक्यातल्याच नायगावी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला, ते साल १८३१ घेऊ. ८३११ मधून ११३८ गेले की ७१७३ उरतात. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च. इथवर यायला सातपेक्षा जास्त वजाबाक्या कधीच लागत नाहीत.

सहा अंकांचं वळण निराळं. ४१२८०२ पासून निघालं तर आठव्या वजाबाकीला ८५१७४२ येतात. मग ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२! सात संख्यांचा हा फेरा कधी सुटत नाही.

ज्या संख्या दुसऱ्या एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाहीत, त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. २० ही तशी संख्या. खंडाळ्याची तशी नाही, कारण ४१२७८० मध्ये त्याच्या अंकांची बेरीज २२ मिळवली की ४१२८०२ होतात.

देशातल्या अनेक गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामाला किरकोळ मानलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या स्तंभात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. ही उपेक्षा अन्यायाचीच होती. वजाबाकी येणाऱ्या पाचवीतल्या मुलाला जे स्वतः पडताळता येतं, ते किरकोळ कसं?

खंडाळा तालुक्यातल्या शिक्षकांनी २२ डिसेंबरच्या गणित दिनी भाषणं थोडी कमी करावीत आणि फळ्यावर आपला पिनकोड लिहावा. शिरवळचा ४१२८०१ आणि वाईचा ४१२८०३ या दोघांची पहिली वजाबाकी ८३०८६२ अशी एकच येते. ती का येते, हे मुलांनाच शोधू द्यावं.