करपलेला रांजण

जपानातल्या शिगाराकी गावच्या एका आधुनिक रांजणाचे रंगीत छायाचित्र मी घरात दाखविले, तेव्हा आमच्या मंडळींनी ताबडतोब निकाल दिला, "अहो, हा एका अंगाने करपलाय! बाजारात कुणी हात लावणार नाही." निरीक्षण अचूक होते. रांजण एकीकडे तांबूस, दुसरीकडे काळवंडलेला, खांद्यावरून हिरवट काचेचा ओघळ उतरलेला आणि अंगभर पांढरे खडे उमटलेले. जपानी रसिक मात्र हीच राखेने माखलेली बाजू पाहुण्यांकडे करून ठेवतो!

ही करामत लाकडाची. डोंगरउतारावरच्या बोगद्यासारख्या भट्टीत दिवसरात्र, कित्येक दिवस, लाकूड घालीत राहायचे. आच बाराशे अंशांपलीकडे गेली, की उडालेली राख भांड्यावर बसून वितळते आणि तिचीच काच होते. ही पद्धत मागे पडली होती. यासुहिसा कोयामांसारख्या कुंभारांनी ती पुन्हा उचलली. त्यांनी आपली भट्टी 1968 साली बांधली. गंमत अशी, की ज्या जुन्या रांजणांचे एवढे कौतुक, ते मुळात शेतकऱ्यांचे बी-बियाणे ठेवायचे. चहाच्या शौकिनांनी ते उचलून बैठकीत नेले.

आमच्या खानदेशी कुंभाराचा आवा गोवऱ्यांवर आणि पऱ्हाट्यांवर पेटतो. आच पुष्कळच कमी, म्हणून माती सच्छिद्र राहते, माठ पाझरतो आणि पाणी गार होते. शिगाराकीचा तो रांजण मे महिन्यात दोंडाईच्याच्या ओसरीवर ठेवाल, तर कोमट पाणी प्याल! तेव्हा आपला माठ कमअस्सल मुळीच नव्हे. इथून जवळच, तापीकाठच्या प्रकाशे येथे 1955 साली उत्खनन झाले, त्यात काळ्या रंगाने चितारलेली तांबडी भांडी निघाली. साडेतीन हजार वर्षांची तरी असतील.

माठाची पारख आपण बोटाच्या टिचकीने आणि कानाने करतो. डोळा मात्र फक्त खोट काढण्यापुरता. आव्यात जिथे वारा पोहोचला नाही, तिथे मातीतले लोह लाल होत नाही. काळा पट्टा उमटतो. असा माठ निराळा काढलेला पाहून मी कुंभाराला विचारले, यात पाणी गार होत नाही का?

"तितकंच होतं, सर," तो म्हणाला. "पण गिऱ्हाईक काळं बघून पुढं जातं. मग येईल त्या भावाला देतो."